अकादमीची फी भरण्यापूर्वी हिशेब मांडा

संत तुकाराम नगरातील आमचे एक जुने स्नेही गेल्या महिन्यात कार्यालयात आले. वल्लभनगरच्या एसटी स्टँडकडून आत येणाऱ्या रस्त्यावर त्यांचे सीट कव्हर आणि रेक्झिनकामाचे दुकान आहे. दोन मशीन, एक कारागीर आणि स्वतः. हातात पेढ्यांचा पुडा होता. "भाईसाहेब, पोराचं सिलेक्शन झालं. एलिट बॅचला." आम्ही पेढा घेतला, मुबारकबाद दिली आणि सहज विचारले, पैसे किती पडले? त्यावर त्यांनी खिशातून पावत्या काढल्या. पेढ्याची गोडी तिथेच थोडी उतरली.

ट्रायलची फी १ हजार. नोंदणी ५ हजार. वर्षाची फी ७२ हजार, दोन हप्त्यांत. गणवेश आणि बॅग ६ हजार, तीही त्यांच्याकडूनच घ्यायची. एकूण ८४ हजार. पहिला हप्ता त्यांनी भिशी उचलून भरला होता. आम्ही त्या अकादमीचे नाव येथे देत नाही. एकाच अकादमीची ही गोष्ट नव्हे. पिंपरीपासून चाकणपर्यंत नव्या सोसायट्यांच्या आवारात, शाळांच्या मैदानांवर आणि गच्चीवरच्या हिरव्या गालिच्यांवर अशा अकादम्या आता ठिकठिकाणी दिसतात. फी घेणे हा गुन्हा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मैदानाचे भाडे आहे, दिव्यांची वीज आहे, प्रशिक्षकाचा पगार आहे. शिकवणीला जशी फी तशी खेळाला. प्रश्न 'सिलेक्शन' या शब्दाचा आहे. आमच्या स्नेह्यांनी फी भरली ती पोराला व्यायाम व्हावा म्हणून नव्हे, तर त्याची निवड झाली, आता तो पुढे जाणार, या भरवशावर. म्हणजे त्यांनी खर्च केला नाही, भांडवल घातले. आणि भांडवल घालायचे तर दुकानदाराने हिशेब मांडलाच पाहिजे.

पावत्यांवर जे लिहिलेले नसते तेच जास्त असते, हे आपल्या धंद्यातील कोणालाही शिकवावे लागत नाही. तेरा वर्षांच्या मुलाचा पाय वर्षात दोन मापे वाढतो, त्यामुळे बूट दोन जोड लागतात. स्पर्धा गोव्याला निघाली की मुलाचे तिकीट, राहणे, जेवण आपल्याच माथी. हे सारे धरून आम्ही वर्षाला २० हजार लावले. त्यांनी मान हलवली, कमीच लावले म्हणाले. मग आम्ही विचारले, पोराला मैदानावर नेतो कोण? आठवड्यातून तीन दिवस, चार वाजता दुकान कारागिरावर सोडून तेच नेतात आणि सात वाजता परत येतात. आता रेक्झिनवाल्याचे गिऱ्हाईक केव्हा येते? कंपनीची पहिली पाळी सुटल्यावर. म्हणजे नेमके चार ते सात. वर्षाच्या १३० संध्याकाळी मालक गल्ल्यावर नाही, आणि एका संध्याकाळी फक्त ३०० रुपयांचा नफा हुकला असे धरले, तरी ३९ हजार होतात. कारागीर इमानदार आहे, पण भाव मालकच ठरवतो. ८४ अधिक २० अधिक ३९. एक लाख ४३ हजार. मूल सतरा वर्षांचे होईपर्यंत चार वर्षे धरली तर पावणेसहा लाखांच्या जवळ गेले. स्नेही गप्प झाले. हा आकडा त्यांच्या पावत्यांत कोठेच नव्हता.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या एका खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये धरले गेले. त्यातील १ लाख २० हजार हा त्याचा खिशाखर्च, बाकी राहणे, आहार, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, शिक्षण यांसाठी. वरच्या पातळीचा खेळाडू घडवण्याचा खरा खर्च साधारण कोणत्या घरातला आहे, हे यावरून कळते. मग ७२ हजारांत 'एलिट' कसे काय होते? ७२ हजारांत चांगला क्लास होतो, आठवड्यातून तीन दिवसांचा. आणि खरोखर एलिट असते तर बापाकडे ७२ हजार मागितलेच नसते.

हे शेवटचे वाक्य आम्ही जरा उलगडून सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. आपल्या कामांत उस्ताद-शागिर्दाची रीत अजून पुरती संपलेली नाही. गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या शेडमध्ये, जरीच्या कारखान्यात मूल कामाला लागते तेव्हा उस्ताद त्याच्याकडून फी घेत नाही. चहापाणी देतो, ईदला कपडे करतो, हात बसू लागला की हप्त्याला काही हातावर ठेवतो. कारण त्याला त्या हाताचा उपयोग होणार असतो. उस्ताद निवडूनही घेतो. दहा पोरे आली तरी तो दोनच ठेवतो, कारण खाऊ घालायचे आहे त्याला स्वतःच्या खिशातून. जो खर्च करतो तो पारखून घेतो. जो फी घेतो त्याला पारखण्याची गरज काय? त्याचे गिऱ्हाईक मूल नव्हे, बाप आहे.

युरोपातले मोठे क्लब उस्तादाच्या रीतीनेच चालतात. ॲमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबने मुले पारखण्याचे चार निकष जगाला दिले: तंत्र, खेळाची समज, स्वभाव आणि वेग. त्यांचे पारखी लोक मुलाला एका ट्रायलमध्ये बघून निकाल देत नाहीत. महिनोन् महिने त्याच्या मोहल्ल्यातले सामने बघतात, आणि घेतल्यावरही दरवर्षी पुन्हा चाळणी लावतात. मुलाच्या बापाला बिल जात नाही. हा धर्मादाय नव्हे. जागतिक फुटबॉल संघटनेचा, म्हणजे फिफाचा, नियमच तसा आहे. मुलाने परदेशी क्लबशी पहिला व्यावसायिक करार केला की त्याला बाराव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी शिकवले त्यांना नव्या क्लबने शिकवणुकीची भरपाई द्यायची. दर ठरलेले आहेत: आशियात सर्वांत खालच्या वर्गासाठी शिकवल्याच्या एका वर्षामागे २ हजार डॉलर, त्याच्या वरच्या वर्गासाठी १० हजार, त्याच्याही वरच्यासाठी ४० हजार, आणि वर्ग बघायचा तो नव्या क्लबचा. पुढे तो खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर किमतीचे ५ टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात शिकवणाऱ्या क्लबांत वाटायचे. उस्तादाचे देणे आता कायद्यात लिहिलेले आहे, असे समजा. वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे की ही भरपाई क्लबाला मिळते, फी भरणाऱ्या बापाला नाही. शिकवणुकीचा खर्च तुम्ही केलात तरी भरपाईच्या यादीत तुमचे नाव येणार नाही.

आपल्या देशातही फी न घेणारी दारे आहेत, आणि दुकानदाराच्या घरात त्यांची माहितीच नसते याचे आम्हांस वाईट वाटते. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून मुले निवडून घेते आणि सांभाळते. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी २०१५ साली निघाली, तीही शिष्यवृत्तीवर. आपल्या अगदी जवळ, बालेवाडीला, राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे. १९९० च्या दशकात सुरू झालेली ही योजना. मुलाची उंची, वजन, धाव, उडी, चपळाई मोजून निवड होते, आणि निवड झालेल्याचे राहणे, जेवण, शाळा सरकारकडे. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे उदाहरण सर्वांनी वाचले असेल. वडील रिक्षा चालवीत. मुलगा प्रबोधिनीत आला, तेथून पुणे एफसीच्या अकादमीत गेला आणि २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. केरळातील मलप्पुरमचा आशिक कुरुनियन याच पुणे एफसीच्या अकादमीत घडला. त्याच्या वडिलांचे उसाच्या रसाचे दुकान, शाळा सोडून पोरगा तिथे हात लावीत असे. पुढे तो स्पेनच्या व्हियारेआल क्लबच्या तिसऱ्या संघाकडे काही काळ गेला आणि भारताकडून खेळला. रिक्षावाला आणि रसवाला, दोघांच्याही घरी फी भरण्यासारखे काही नव्हते. मुले पायांवर निवडली गेली.

पण ही दोन नावे सांगून आम्ही थांबलो तर आम्हीही माहितीपत्रक छापणाऱ्यांच्या रांगेत बसू. कारण पुणे एफसीचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. अशोक पिरामल समूहाचा हा क्लब २००७ साली निघाला. त्याचे सरावाचे मैदान आपल्याच हद्दीत, देहूरोडजवळ मामुर्डीला होते. सामने बालेवाडीला होत. २०१५ साली मालकांनी क्लब बंद केला. त्याच सुमारास कल्याणी समूहाचा भारत एफसी आला, २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला आणि गेला. डीएसके शिवाजियन्सने इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या नावाने पुण्यात निवासी अकादमी काढली, तेव्हा केवढा गाजावाजा! हा संघ २०१६-१७ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही, आणि २०१८ साली मालक डी. एस. कुलकर्णी यांना अटक झाली. एफसी पुणे सिटीने पुणे एफसीची अकादमी विकत घेतली होती, तोही २०१९ साली आटोपला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. पाच वर्षांत एका शहरातील चार दुकानांची शटरे खाली आली. आज त्या लीगमध्ये पुण्याचा एकही संघ नाही. मुंबईत महिंद्र युनायटेड २०१० साली आणि फगवाड्याचा जेसीटी २०११ साली बंद झाला, तेव्हाच कारखानदारांच्या मनाचा अंदाज यायला हवा होता. आणि २०२५ च्या जुलैत तर खुद्द इंडियन सुपर लीगच संघटना आणि आयोजक यांच्यातील कराराच्या वादात अडकून पडली. खेळाडूंचे पगार थांबण्याची पाळी आली.

याचा अर्थ व्यापारी माणसाला सांगायला नको. माल तयार करणारे वाढले आणि घाऊक घेणारा गिऱ्हाईक उठून गेला. अकादमीवाला तुम्हांला मुलाचा वेग, चेंडूवरचा ताबा यांचा छापील अहवाल देईल. तो चुकीचा असेलच असे नाही. पण मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर त्याला घेणार कोण, हा रकाना त्या अहवालात नसतो.

पूर्वी हा रकाना भरलेला होता, हेही नमूद करतो. सय्यद अब्दुल रहीम यांच्या काळात हैदराबादचा खेळाडू पोलिसांत लागत असे. पोटापाण्याची सोय आधी, खेळ त्यावर. रहीमसाहेब स्वतः शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्ण मिळवले. रेल्वे, बँका, पोलीस, गिरण्या हे तेव्हाचे घाऊक गिऱ्हाईक. आजही महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते. अकादमीने स्वतःच भरवलेल्या आणि स्वतःच चषक वाटलेल्या रविवारच्या सामन्याचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही. आमच्या स्नेह्यांच्या दुकानात असे तीन चषक काचेच्या कपाटात आहेत. शाळेकडून सुब्रोतो चषकाच्या तालुका, जिल्हा फेऱ्यांत मुलगा खेळला आहे का, असे विचारले. नाही. शाळेचे सामने अकादमीच्या सरावाच्या दिवशी होते, म्हणून पाठवला नाही! इथे मात्र आम्हांला राग आला. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत होणारी, फुकटातली, सरकारी नोंद असलेली स्पर्धा सोडून पैसे भरून घेतलेल्या सरावाला मुलगा गेला.

निवडीतल्या आणखी एका गोष्टीकडे आपले लोक लक्ष देत नाहीत, ती म्हणजे वय. वयोगट १ जानेवारीला कापतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात उभे राहतात आणि बारा-तेराच्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे बोटभर उंची, खांद्याचे बळ. ट्रायलमध्ये नजर मोठ्या अंगाच्या पोराकडेच जाते. तेव्हा वर्षाअखेरीस जन्मलेले मूल एकदा नाकारले गेले म्हणून त्याच्यात काही नाही असे समजू नये, आणि वर्षाच्या सुरुवातीचे मूल निवडले गेले म्हणून हुरळूनही जाऊ नये. दुसरीकडे, वय लपवून मुलाला खालच्या गटात खेळवण्याची हौस आपल्याकडेही आहे. ती सोडावी. मनगटाची एक्स-रे चाचणी होते, हाडावरून वय काढतात, आणि पकडलेला मुलगा बाहेर बसतो. जन्मदाखला महापालिकेचा, वेळेत नोंदवलेला हवा. दहा वर्षांनी काढलेल्या दाखल्याकडे निवड करणारे संशयाने बघतात. हे काम तर फीशिवायचे आहे, पण आमच्या ओळखीतील निम्म्या घरांत दाखल्यावरचे नाव आणि शाळेतले नाव जुळत नाही.

आमच्या स्नेह्यांनी अकादमीत काय विचारले होते? जेवण हलाल असेल का आणि जुम्याला मुलाला सोडाल का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण प्रशिक्षकाकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे कोणते लायसन आहे, हे विचारले नव्हते. मुलाची नोंदणी महासंघाच्या यादीत कोणत्या क्लबाच्या नावे झाली, हेही नाही. रेक्झिनचा तागा घेताना हेच गृहस्थ उलटून, ओढून, नख मारून बघतात. पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेशी किंवा राज्याच्या विफाशी अकादमी संलग्न नसेल तर मुलाची कोठेच नोंद नसते. मग वर सांगितलेल्या फिफाच्या भरपाईचा प्रश्नच मिटला. महासंघ मान्यताप्राप्त अकादम्यांची यादी प्रसिद्ध करतो. ती बघायला दहा मिनिटे लागतात. भिंतीवर परदेशी क्लबचे बोधचिन्ह लावले म्हणजे त्या क्लबाने मुलगा निवडला असे होत नाही. ते नाव भाड्याने घेतलेले असते, आणि त्याचे भाडे तुमच्या फीत असते.

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी मुंबईला वानखेडेवर आला, तेव्हा राज्य सरकारच्या 'महादेवा' नावाच्या उपक्रमाचा शुभारंभ झाला. तेरा वर्षांखालील ३० मुलगे आणि ३० मुली निवडून त्यांना पाच वर्षांची शिष्यवृत्ती. साऱ्या महाराष्ट्रातून साठ. हा आकडा आम्हांला प्रामाणिक वाटला. खरी निवड अशीच दिसते: थोड्यांची, आणि निवडणाऱ्याच्या खर्चाने. तुमच्या गल्लीतल्या ट्रायलला चाळीस पोरे आली आणि अडतीस 'सिलेक्ट' झाली, तर त्याला निवड म्हणत नाहीत, प्रवेश म्हणतात. मुलींच्या तीस जागा आहेत, हे आपल्या मोहल्ल्यात मोठ्याने सांगायला हवे.

मग पोराने खेळू नये काय? खेळावे, जरूर खेळावे. आम्ही स्नेह्यांना जे सुचवले ते असे. एच. ए. कंपनीच्या मैदानाकडे किंवा नेहरूनगरकडे संध्याकाळी पोरे जमतातच. परिसरातील वीस दुकानदारांनी महिन्याला ५०० रुपये काढले तर १० हजार होतात. तेवढ्यात लायसन असलेला एखादा तरुण प्रशिक्षक आठवड्यातून तीन दिवस दोन तास मिळू शकतो. लायसन घेऊन बसलेली, काम शोधणारी मुले या भागात आहेत. मुलांना आळीपाळीने एकेक जण नेईल, म्हणजे प्रत्येकाच्या दुकानाच्या संध्याकाळी वाचतील. जागेसाठी आणि महापालिकेच्या क्रीडा शिष्यवृत्तीसाठी क्रीडा विभागात अर्ज करावा. पंधरा-सोळापर्यंत मुलगा जिल्ह्याच्या संघात आला तर पुढचे बोलू. नाही आला तर दहावीचा अभ्यास आणि मोरवाडीची आयटीआय कोठे पळून जात नाही. मूल खेळून घरी आलेले असेल, बाप कर्जात नसेल.

ते म्हणाले, पण पोराला काय सांगू? सगळ्या मित्रांना सांगून बसलाय. याला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. तेरा वर्षांच्या मुलाला 'तुझी निवड ही निवड नव्हती' हे बापाने कसे सांगावे, ते खातेवहीत सापडत नाही. एवढेच म्हणालो की त्याचा खेळ खोटा नाही, पावती खोटी आहे, हे दोन वेगळे करून सांगा.

दुसरा हप्ता ३६ हजारांचा आहे. त्याची तारीख येत्या दहाला आहे. आम्ही पहिल्या हप्त्याच्या पावतीच्या मागे चार प्रश्न लिहून दिले आहेत: लायसन कोणते, नोंदणी कोणाच्या नावे, संलग्नता कोणाशी, आणि गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडून जिल्ह्याच्या संघात, प्रबोधिनीत किंवा एखाद्या क्लबात गेलेल्या मुलांची नावे काय. रविवारी दुकान उघडण्यापूर्वी ते मैदानावर जाणार आहेत. पोरालाही बरोबर नेतो म्हणाले.